दुसऱ्याचा पेपर

मार्च लागला की आमच्या सिडकोतल्या गल्लीचा सकाळचा आवाज बदलतो. एरवी सातच्या आधी चेंडूफळी घेऊन उतरणारी पोरं घरातून बाहेर पडत नाहीत. समोरच्या गच्चीवर एखादी मुलगी पुस्तक छातीशी धरून येरझाऱ्या घालते, तिचे ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला मोहर आलेला असतो. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभा राहतो. घरात दुसरं कुणी नाही. पत्नीला जाऊन चार वर्षं झाली, मुलगी नाशिकला असते. बोलावंसं वाटलं तर फोन हाताशी आहे, पण सकाळी सातला कुणाला फोन लावून सांगायचं, की निंब मोहरला?

तो मंद, गोडसर वास नाकात शिरला की मी एकोणीस वर्षांचा होतो. सत्तरचं दशक संपत आलेलं, गाव तेव्हाचं औरंगाबाद, मुक्काम बेगमपुऱ्यातल्या एका पत्र्याच्या खोलीत. तेव्हाही मी एकटाच होतो. आताच्या एकटेपणाला निदान कारण सांगता येतं, लोक ऐकून मान हलवतात. त्या वर्षीचं एकटेपण सांगण्यासारखं नव्हतं, कारण ते एका खोट्यातून आलेलं होतं.

आमचं गाव गंगापूर तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाला. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. घरी ऊस होता, कापूस होता, विहिरीला बऱ्यापैकी पाणी होतं. नाना निजामाच्या राज्यात गंगापूरला मामाकडं राहून उर्दू शाळेत शिकले, सहावीपर्यंत. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. शाळा काही दिवस बंद राहिली आणि पुढं उघडली तेव्हा हळूहळू धडे मराठीत आले. घरात नाना मराठीच बोलायचे, पण मराठी अक्षर त्यांना येत नव्हतं. बाराखडीसाठी त्यांना लहान पोरांच्या रांगेत बसवलं. चार दिवस बसले, पाचव्या दिवशी दप्तर मामाकडं ठेवून पायी गावाकडं निघून आले. हे मला मायनं सांगितलं होतं. नाना स्वतः कधी बोलले नाहीत.

मी शाळेत असताना आमच्या शिवारात मोठ्या धरणाच्या मोजणीची माणसं आली. तिपाईवर दुर्बीण लावून एक साहेब उभा राहायचा, त्यानं हात हलवला की दूरवर पट्टी धरलेला माणूस डावीकडं सरकायचा, उजवीकडं सरकायचा. नाना बांधावर बसून दिवसभर ते बघत राहिले. संध्याकाळी घरी येऊन मायला म्हणाले की दत्ताला इंजिनियर करायचा. दत्ता म्हणजे मी. त्या दिवसापासून माझं काय व्हायचं हा प्रश्नच घरात उरला नाही.

बारावीला मार्क कमी पडले, इंजिनियरिंग हुकलं. मग आधी बी.एस्सी. करू, पुढचं पुढं बघू, असं ठरलं आणि मी शहरात आलो. पहिल्या वर्षी नापास झालो. एखाद्या विषयात नव्हे, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्हींत, अगदी खाली. निकाल बघायला मी एकटाच गेलो होतो. तिथून गावाकडं जाणारी एसटी धरली, वाटेत शब्द जुळवत राहिलो. घरी पोचलो तर नानांनी विचारलं, पास झालास ना रं? मी म्हणालो, झालो. इतकं सोपं होतं ते. त्यांनी देवापुढं साखर ठेवली.

त्यानंतरचं सबंध वर्ष मी ते साखर ठेवणं सांभाळत होतो. खोलीचा मालक नानांच्या ओळखीचा होता, म्हणून रोज सकाळी नऊला वह्या काखेत मारून बाहेर पडावं लागायचं. कॉलेजात नाव नव्हतं. पुन्हा फॉर्म भरायला हवा होता, तोही भरला नव्हता. पाणचक्कीच्या हौदाकाठी बसायचो. मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली लेणी तेव्हा ओस असायची, तिथं जाऊन गार दगडाला पाठ लावून दुपार काढायचो. माणसानं आपल्या आत डोकावून बघावं, म्हणजे वाट दिसते, असं आम्हाला शाळेत सांगितलेलं. तिथं डोकावायला वेळच वेळ होता. मी प्रामाणिकपणे बघायचोही. आत फक्त भीती दिसायची. नानांच्या चेहऱ्याची, पोस्टकार्डाची, गावाकडून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाची. भीतीच्या मागं कुणी मी नावाचा माणूस उभा आहे की नाही, तेच कळायचं नाही.

एके दिवशी, फेब्रुवारी असेल, लक्षात आलं की चार दिवसांत माझ्या तोंडून 'एक चहा' याशिवाय शब्द निघालेला नाही. मी लेण्यात मोठ्यानं माझं नाव घेऊन बघितलं. आवाज घोगरा आला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्याची मला इतकी धास्ती वाटली की मी उठून सरळ शहरात आलो आणि ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथले एक वयस्कर कारकून मला अधूनमधून येताना बघत असावेत. ते जवळ आले आणि म्हणाले, एक आंधळा माणूस आहे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा बाहेरून देतोय. त्याला वाचून दाखवायला कुणीतरी हवंय, आणि पेपर लिहायला लेखनिक. जाणार का? मी कारणं न विचारता हो म्हणालो. कुणाशी तरी बोलायला मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

ते आंधळे गृहस्थ मला एका सरकारी कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात भेटले. भिंतीला लागून मोडक्या खुर्च्यांची रांग, आणि मधोमध पोत्यावर मांडी घालून एक बत्तीसेक वर्षांचा माणूस खुर्चीची बैठक वेतानं विणत बसलेला. शेजारी बादलीत वेत भिजत घातलेला. चेहऱ्यावर देवीचे वण, डोळ्यांच्या जागी पांढुरक्या खाचा. त्यांचं नाव कडुबा. मी पुढं त्यांना कडुबाभाऊ म्हणू लागलो.

ते फर्दापूरकडचे. घरी मेंढरं. चौथ्या वर्षी देवी आल्या, जीव वाचला, डोळे गेले. कळप चारणीला दूर जायचा तेव्हा या पोराला न्यायचं कसं, म्हणून त्याला ओळखीच्या घरी ठेवून सगळे निघून जायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे. कुण्या भल्या शिक्षकानं त्यांना शहरातल्या अंधशाळेत आणून घातलं. तिथं ते ब्रेल शिकले, खुर्च्या विणायला शिकले, आणि तिथंच त्यांनी ठरवलं की आपण शिक्षक व्हायचं, याच शाळेत. त्या साली शाळेत एक जागा रिकामी होणार होती. बी.ए. पास झाले तर ती मिळायची आशा होती. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं नाही. वेत ओढता ओढता, एकेक धागा विणावा तसं दोन महिन्यांत कळत गेलं. स्वभाव तसा तिरसट होता. चहा कोमट आला की परत पाठवायचे. मी भरभर वाचलं की त्यांची जीभ टाळ्याला लागून 'च्च' असा आवाज यायचा.

"पूर्णविराम खाऊ नको," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुला दिसतो, मला नाय दिसत. मला तो ऐकू आला पायजे."

मग मी पूर्णविरामाला थांबायला शिकलो. रोज दुपारी बारा ते पाच. बाहेर ऊन पांढरं झालेलं, कचेरीतले पंखे कुरकुरताहेत, ओल्या वेताचा कुबट वास आणि त्यात मधूनच कुठूनसा निंबाच्या मोहराचा. मी इतिहास वाचायचो, त्यांची बोटं चौकटीच्या भोकांतून वेत आतबाहेर करत राहायची. एखादी गोष्ट त्यांना नवी वाटली की बोटं थांबायची. ती थांबली की मला आतून काहीतरी वर आल्यासारखं व्हायचं. पुढंपुढं मी खोलीवरूनच ठरवून जायचो, आज हे प्रकरण असं वाचायचं की त्यांचे हात तीनदा थांबले पाहिजेत. विज्ञानाच्या पुस्तकांसमोर बसून मला जे कधी झालं नव्हतं, ते व्हायला लागलं. वेळ कधी गेला ते कळेना. आणि त्या पाच तासांत मी घाबरलेलो नसायचो. हे तेव्हा जाणवलं नाही, फार नंतर कळलं.

त्यांनी मला सुरुवातीलाच विचारलं होतं, काय शिकतोस. मी म्हणालो, बी.एस्सी., सेकंड इयर. त्यांनी फक्त हं केलं होतं. मार्चच्या शेवटी लेखनिकाची परवानगी काढायला आम्ही दोघं परीक्षेच्या कचेरीत गेलो. लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला आणि दुसऱ्या विषयाचा असावा, असा नियम. खिडकीतल्या बाईंनी बारावीचं प्रमाणपत्र बघितलं आणि विचारलं, सध्या काय करता, कॉलेजचा दाखला कुठाय? कडुबाभाऊंचा हात माझ्या खांद्यावर होता. मागं रांग होती. मी म्हणालो की पहिल्या वर्षाला नापास झालोय, सध्या कुठंच शिकत नाही. बाईंनी मान वरही न करता तसं लिहून घेतलं. ज्या वाक्याच्या भीतीनं मी वर्षभर डोंगरात लपत होतो, त्याला एका अनोळखी बाईच्या लेखी एका ओळीपेक्षा जास्त जागा लागली नाही.

बाहेर आल्यावर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले. मग म्हणाले, "तू सेकंड इयर म्हणायचास तवा तुझा आवाज खाली बसायचा. मला वाटलं व्हतं, घरी कुणी आजारी आसंल." आणि पुढं चालायला लागले. नानांना माहीत आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांनी ते ओळखलं होतं.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. आम्हाला तळमजल्यावरची वेगळी खोली दिली होती. एक बाक, एक माठ, आणि दाराशी खुर्चीवर एक पर्यवेक्षक, जे अर्ध्या तासात वर्तमानपत्रामागं पेंगू लागायचे. कडुबाभाऊ सांगायचे, मी लिहायचो. उत्तर संपलं की मी ते वाचून दाखवायचो, मग पुढचा प्रश्न. पहिले पेपर उत्तम गेले. शेवटचा पेपर दख्खनच्या इतिहासाचा. त्यात मलिक अंबरच्या जमीन महसुलाच्या पद्धतीवर मोठा प्रश्न होता. मला आनंद झाला, कारण ते प्रकरण मी त्यांना आठवड्यापूर्वीच वाचून दाखवलं होतं, आणि ज्यानं आमच्या शहराला पाण्याची नहर दिली त्याच्याविषयी म्हणून जरा रंगवूनच वाचलं होतं.

कडुबाभाऊंनी सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर माझ्या लक्षात आलं की ते मलिक अंबरच्या नावाखाली मोगलांकडच्या तोडरमलाची पद्धत सांगताहेत. शेवटच्या दिवसाचा थकवा असेल, दोन प्रकरणं त्यांच्या डोक्यात एकमेकांवर चढली होती. मी क्षणभर थांबलो. ते सांगतच होते, शांतपणे, आत्मविश्वासानं. माझ्या डोळ्यांपुढं ते पान जसंच्या तसं उभं होतं. पर्यवेक्षकांचं वर्तमानपत्र छातीवर पडलेलं. मी लिहायला लागलो. ते बोलत होते एक, मी लिहीत होतो दुसरं. बरोबर उत्तर, मुद्देसूद, त्यांच्या आवाजाच्या वेगाला वेग जुळवून.

ते थांबले. म्हणाले, वाच.

हे मी विसरलो होतो. मला आठवून त्यांचं चुकीचं उत्तर तोंडानं म्हणता आलं असतं, पण ते मी ऐकलंच नव्हतं. मी जे लिहिलं होतं ते वाचायला लागलो. पहिल्या तीन ओळींत त्यांची मान माझ्याकडं वळली. मी वाचत राहिलो. संपवून मी पान खाली ठेवलं.

"हे मी सांगितलं नाय," ते हळू म्हणाले.

मी कुजबुजत सांगितलं, की तुमची चूक होत होती, तोडरमल झाला होता. हे बरोबर आहे.

"बरोबर आसंल. काट ते."

मी म्हणालो, भाऊ, एवढ्या मार्कांवर पास-नापास ठरेल. जागा जाईल.

"काट," ते पुन्हा म्हणाले. आवाज तेवढाच होता, पण बाकावर टेकलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. "आन् मी मघाशी सांगितलं ते लिही. मी परत सांगतो."

मी दोन्ही पानांवर तिरकी रेघ मारली. ते पुन्हा सांगू लागले, आता खरं उत्तर कानांवर पडून गेलेलं असताना, ते चुकीचं उत्तर, पहिल्यासारखंच, शब्दाला शब्द. मी ते लिहिलं. उत्तरपत्रिकेवर घामाचा ठिपका पडून शाई फुटली. घंटा झाली.

बाहेर पायऱ्यांवर मी नेहमीप्रमाणं खांदा पुढं केला. त्यांनी घडीची काठी उघडली. म्हणाले, मी एकटा जाईन, आणि यापुढं यायचं काम नाही. मी तिथंच उभा राहिलो. ते फाटकातून वळून दिसेनासे झाले. कडक ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. इतका एकटा मी लेण्यांतही कधी नव्हतो, कारण तोवर गमावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

पुढचे आठ-दहा दिवस मी खोलीतच पडून होतो. वर पत्रे तापायचे, मी खाली फरशीवर पालथा. आधी मला राग आला. मी त्यांचं भलंच करत होतो, हा माणूस हेकट आहे, वगैरे. मग राग संपला आणि त्याच्या खाली जे होतं ते दिसायला लागलं. मी त्यांच्यावरच्या दयेपोटी लिहिलं नव्हतं. वर्षभर मी सगळीकडं चुकलेला होतो आणि त्या खोलीत, त्या अर्ध्या तासात, मला बरोबर ठरायची संधी मिळाली होती. ती मी त्यांच्या पेपरावर उरकून घेतली. त्यांच्या आयुष्यातली ती दोन पानं मला हवी होती. आणि हे उमगलं तेव्हाच दुसरं उमगलं, की माझीही उत्तरपत्रिका दुसऱ्यानंच, नानांनी, लिहिलेली आहे, प्रेमानंच लिहिलेली आहे, आणि मी आजवर एकदाही 'काट' म्हणालो नाही. उलट पास झालो म्हणून सांगितलं.

आत डोकावणं म्हणजे काय ते मला त्या फरशीवर थोडंफार कळलं. लेण्यात बसून मी 'मी कोण' असं विचारत होतो, त्याला उत्तर येत नव्हतं. इथं मी फक्त एवढंच विचारलं, की वर्षभरात मी कुठल्या वेळी घाबरलेलो नव्हतो? उत्तर लगेच आलं. बारा ते पाच. कुणाचे तरी हात थांबावेत म्हणून पूर्णविरामाला थांबत वाचताना. माझ्याकडं असलेली खरी वस्तू तेवढीच होती. फार मोठी नव्हती, पण उसनी नव्हती.

पुढची हकिगत आधी सांगून टाकतो. कडुबाभाऊ इतिहासात थोडक्या मार्कांनी राहिले. जागा दुसऱ्याला गेली. त्यांनी मला विणायच्या त्या व्हरांड्यात परत बोलावलं नाही, मीही दोनदा लांबूनच बघून आलो. सप्टेंबरात एक पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ऑक्टोबरात पेपर आहे, वाचायला ये. एवढंच. मी गेलो. त्यांनी वेतानं ओलं झालेलं बोट पुसलं आणि म्हणाले, मागचं प्रकरण पुन्हा घे. ऑक्टोबरच्या पेपरातही ते एका ठिकाणी चुकले. मी ती चूक त्यांच्या शब्दांत, नीट अक्षरात लिहिली, वाचून दाखवली आणि गप्प बसलो. ते पास झाले. शाळेतली पुढची जागा निघायला तीन वर्षं लागली, तोवर ते खुर्च्याच विणत होते. मग निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवलं. पेपरातल्या त्या प्रसंगाविषयी आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी मराठी घेऊन बी.ए. केलं, डी.एड. केलं, आणि कन्नड, सिल्लोडकडच्या गावांत तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवलं. वर्गात वाचताना मी पोरांचे हात बघायचो. पेन्सिल थांबली की ते वाचन लागलं असं समजायचो. माणसाला आपलं काम सापडलं की एकटेपण जातं, असं तरुणपणी वाटायचं. तसं काही होत नाही. बदलीच्या गावी, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गाला कुलूप लावताना ते मला हटकून भेटायचं. आताही बाल्कनीत रोज भेटतं. फक्त त्याला बघून लपायची गरज पडत नाही, एवढा फरक झाला.

पण त्या मे महिन्यातलं एक सांगायचं राहिलं, आणि या सगळ्यात मला तेच पुन्हा पुन्हा आठवतं.

फरशीवरून उठलो आणि गावाकडं गेलो. नाना उसाला पाणी देत होते. मी वाफ्याच्या कडेला उभा राहून सगळं सांगितलं. नापास झालो ते, वर्षभर कुठंच जात नव्हतो ते, इंजिनियर होणार नाही ते. सांगताना त्यांच्याकडं बघवेना, म्हणून पाण्याकडं बघत होतो. नाना खोरं हातात धरून ऐकत राहिले. मी वाट बघत होतो शिव्यांची. पाणी वाफा भरून बाहेर वाहू लागलं तरी ते हलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, "मंग वरीसभर तू दिवसा ऱ्हायचास कुठं?"

मी सांगितलं, हौदावर, डोंगरात, ग्रंथालयात. त्यांनी खोऱ्यानं माती ओढून वाफ्याचं तोंड बंद केलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, चल, तुझी खोली दाखव.

आम्ही एसटीनं शहरात आलो, स्टँडवरून पायी बेगमपुऱ्यात. मला वाटलं सामान आवरून मला परत न्यायला आले. त्यांनी खोलीचं दार उघडलं, चपला काढल्या आणि कॉटवर बसले. आणि बसूनच राहिले. सकाळी दहापासून. भिंतीकडं बघितलं, पत्र्यांकडं बघितलं, वरच्या झरोक्यातून येणारा उन्हाचा पट्टा कोनाड्यावरून सरकत कसा खाली येतो ते बघितलं. दुपारी पत्रे कडकड वाजायला लागले. म्हणाले, यावेळी तू काय करायचास? मी म्हणालो, शेवटचे आठ-दहा दिवस इथंच, खाली पडायचो. तर ते टोपी काढून, उघड्या फरशीवर, माझ्या जागेवर आडवे झाले. पन्नाशीकडं झुकलेला माणूस, हात उशाला घेऊन, वर बघत. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तास गेला, दोन तास गेले. ते झोपले नव्हते. आपला मुलगा जिथं एकटा पडून होता तिथं त्यांना एक दिवस काढायचा होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. मला ती शिक्षा वाटत होती.

संध्याकाळी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गंगापूरची गाडी लागली होती. ते खिडकीपाशी बसले, मी खाली उभा. कंडक्टर अजून यायचा होता. नाना समोरच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "दत्ता, इंजिनियर मला व्हायचं व्हतं. लई वर्सांपास्नं. तुला इचारायचं राहून गेलं."

कंडक्टर चढला. गाडी सुरू झाली. त्यांनी हात बाहेर काढला नाही, मान वळवली नाही. मी आवारात उभा राहून ती वळेपर्यंत बघत होतो. माझ्याच एकटेपणात मी इतका शिरलो होतो, की आमच्या घरात माझ्या आधीपासून कुणीतरी तसंच राहत आलं आहे, हे मला दिसलंच नव्हतं. मामाच्या घरी दप्तर ठेवून पायी निघालेला तो बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्या गाडीत एकटा बसून गावाकडं चालला होता.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गावी गेलो. नाना उसातच होते. मी चपला काढून चिखलात उतरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांच्याबद्दल विचारलं. म्हटलं, नाना, शाळेत तुम्हाला काय आवडायचं?

त्यांनी खोऱ्यानं एक ढेकूळ फोडलं.

"हिसाब," ते म्हणाले.

त्यांच्या शाळेत गणिताला हाच शब्द होता. मग एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवता वळवता त्यांनी सोळाचा पाढा उर्दूत म्हणायला सुरुवात केली. आधी हळू, मग जरा मोठ्यानं. मी चिखलात उभा राहून ऐकत होतो. ते कुठंही अडखळले नाहीत.